फक्कीचं घर

लिहायला बसलो खरा, पण हे लिहिण्याचा मला अधिकार आहे का, ते मला नीट ठाऊक नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. आमच्याकडे एडवणला होडी, जाळी आणि वाळवण एवढाच व्यवहार. वडील अजून अंगठा उठवतात. तेव्हा भाषा कुठे चुकली, काही जास्त बोललं गेलं, तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांनी हे वाचलं, तर ते भाषेबद्दल काही म्हणायचे नाहीत. ते एवढंच विचारतील, "शब्द किती झाले? मोजलेस?"

मोजलेले नाहीत. माझी त्यांच्या बाबतीत एक मोठी चूक झाली. ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही. म्हणून हे लिहितो.

पालघरला कॉलेज निघालं त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो आणि प्री-डिग्रीत नाव घातलं. एडवणहून रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. ओळखीच्या एका मास्तरांनी पत्ता दिला. गावाच्या टोकाला, बोईसरच्या रस्त्यावर एक बैठं कौलारू घर होतं. मागे एक एकर मोकळी जमीन. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. म्हातारे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सगळा गाव त्यांना मोजणीकाका म्हणे.

मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "पाऊल किती?"

मला कळेना. मी पाय पुढे केला.

"चप्पल घ्यायची नाय तुला. चालताना एक पाऊल किती इंच पडतं?"

"मोजलं नाही."

"एकोणीस वर्षांचा झालास. आजपर्यंत किती चाललास ते तुला ठाऊक नाय?"

त्यांनी मला अंगणात वीस पावलं चालायला लावलं, मग टेप धरली. सव्वीस इंच निघालं. वहीत त्यांनी ते लिहून घेतलं, मगच नाव विचारलं. खोलीच्या बदल्यात काम एकच: दर रविवारी साखळीचं दुसरं टोक धरायचं. जमीन मोजायची तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी त्यांनी निवृत्त होताना जुन्या सामानातून मागून घेतली होती. त्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, हे मला तेव्हा प्रथम कळलं. आमच्याकडे दोर वावेत मोजतात, दोन्ही हात पसरून. हे सांगितल्यावर काकांनी माझे हात पसरून घेतले आणि माझी वावसुद्धा लिहून ठेवली.

"जवळच", "थोडं लांब", "पोचलंच बघा" असले शब्द त्यांच्यापुढे चालत नसत. एकदा कुणी पाहुणे शिरगावचा किल्ला बघून आले. म्हणाले, इथून जवळच आहे की. काका म्हणाले, "किती?" पाहुणे हसले. काका हसले नाहीत. पाहुण्यांनी काहीतरी आकडा सांगेपर्यंत चहाची बशी काकांनी आपल्याच हातात धरून ठेवली. बाजारात जाताना सातशे बारा पावलं, येताना सातशे वीस. आठ पावलं का वाढतात? "पिशवी असते हातात. ओझ्यानं पाऊल आखूड होतं." त्यांचं नेहमीचं एक वाक्य होतं, "मोजलं नाय ते ऐकीव." काकी म्हणजे त्यांची बायको. त्या यावर हळूच म्हणायच्या, "माजं लगीनसुदा ऐकीवच हाय मग."

नोकरीतली एक गोष्ट ते वारंवार सांगत. सफाळ्याच्या आत एका गावात दोन भावांचा हद्दीवरून वाद होता. थोरला पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेई, की दगड आजोबांच्या वेळेपासून इथंच आहे. काकांनी साखळी लावलीच नाही. दगड उलटवला. खाली गवत हिरवंगार. जुन्या दगडाखाली गवत पिवळं पडतं, मरतं. "माणूस शपथ घेतो, रडतो, पाया पडतो," काका म्हणायचे, "पन कुठंतरी एक गोष्ट तो इसरतो. ती शोधायची. मग बाकीचं ऐकायची गरज नाय." चाळीस वर्षं ते लोकांचं खोटं असं एका खुणेवरून पकडत आले होते. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

मागच्या एकरात काही पेरलेलं नव्हतं. पावसाळ्यात तिथे नुसत्या खुंट्या दिसायच्या. दसरा झाला, जमीन वाळली, तशी एका रविवारी काकांनी चुन्याची फक्की आणली आणि माझ्या हातात साखळीचं टोक दिलं. दुपारपर्यंत आम्ही पांढऱ्या रेघा मारत होतो. मला वाटलं खो-खोचं मैदान असावं. संध्याकाळी मी त्या रेघांवरून मोरीकडे निघालो, तर मागून ओरडणं आलं, "अरे, भिंतीतून कुठं चाललास?"

मी एक पाय उचललेला तसाच उभा.

"दार तिकडं हाय. चपला ओटीवर काढ."

ते त्यांच्या मुलाचं घर होतं. मुलगा शेतकीचं शिकायला शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियात गेला, तिथल्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्याच आईवडिलांच्या घरी राहिला. शहरापासून लांब, खेड्यात. काकांनी पत्रातून मापं मागवली. मुलगा फुटाफुटाने पाठवत गेला आणि काका दरवर्षी पाऊस संपला की ते घर आपल्या जमिनीवर आखत गेले. बैठकीची खोली अठरा बाय चौदा. स्वयंपाकघर. झोपायच्या तीन खोल्या. पुढे लांबलचक ओटी. पत्र्याचं छप्पर, त्यावरचं पावसाचं पाणी साठवायला लोखंडी टाकी. टाकीच्या जागी एक वर्तुळ. घर पाच एकरांत एकटंच उभं, चारी बाजूंना निलगिरीची झाडं. "पाच एकर माझ्याकडं नाय," काका म्हणाले, "पन घर पुरतं मावतं." टपालपेटीसुद्धा होती. तिथे ती घरापासून लांब, फाटकापाशी असते म्हणे. म्हणून काकांनी रस्त्याच्या कडेला बांबू रोवून त्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा बसवला होता. पोस्टमनला ताकीद होती: परदेशातलं निळं पत्र त्या डब्यातच टाकायचं, हातात द्यायचं नाही.

सकाळी काका पांढऱ्या रेघांच्या दारातून आत जात, बैठकीत खुर्ची टाकून पेपर वाचत. कुणी भेटायला आलं तर त्यालाही दारातूनच यावं लागे.

काकी मात्र एकदाही आत गेल्या नाहीत. पापड वाळत घालायलाही त्या त्या घराला वळसा घालून पलीकडे जात. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "सून माप ओलांडून माज्या घरात आली नाय. तांदळाचं माप भरून ठेवायची माजी हौस तशीच रायली. मग मी तिच्या घरात कशी शिरू? तिनं बोलावलं पायजे."

"पण हे तर नुसत्या रेघा..."

"काकांना सांग की ह्या नुसत्या रेघा हायत," त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्याच दिवसांत तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं. सिमेंटचे ट्रक आमच्या दारावरून जात. देशावरून, परप्रांतातून माणसं आलेली, आणि जो तो जागेच्या शोधात. एक दिवस एक ठेकेदार आला. त्याला कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या टाकायला तो एकर हवा होता. तो सरळ बैठकीच्या खोलीत चालत आला आणि म्हणाला, "बाबूजी, ये क्या, कबड्डी खेलते हो?"

"घर है," काका म्हणाले. "जूता निकालो."

ठेकेदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने खरंच बूट काढले. मग काकांनी त्याला सगळ्या खोल्या दाखवल्या, न्हाणीघर कुठे, कपाट कुठे. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बहुत अच्छा मकान है," आणि दारातूनच बाहेर पडला. पुन्हा आला नाही.

दिवाळीनंतर काकांच्या लक्षात आलं की मापं सगळी आली, पण घराचं तोंड कुठल्या दिशेला ते मुलाने कधी लिहिलेलं नाही. त्यांनी आपलं पूर्वेला धरलं होतं. त्यांनी विचारून पाठवलं. उत्तर आलं ते मी त्यांच्याशेजारी उभा असताना त्यांनी वाचलं. मोठ्याने वाचत होते, मधेच थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मुलाने लिहिलं होतं, की घराचं तोंड उत्तरेला आहे. इकडे ऊन उत्तरेकडून येतं. थंडीत ओटीवर दिवसभर ऊन असतं, आई इथे बसून उबेत तांदूळ निवडू शकेल. दक्षिणेकडच्या खोल्या मात्र गार असतात.

काकांनी चष्मा काढला. "सूर्य उत्तरेनं?" ते म्हणाले. "आपल्याकडं पावसाच्या तोंडावर थोडे दिवस डोक्यावरून पलीकडं सरकतो. पन थंडीत? थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं." मग ते माझ्याकडे वळले. "तू कालेजात जातोस. सांग. थंडीत सूर्य उत्तरेनं जाईल?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्याआधी कधी त्याचा विचारच केला नव्हता. पण "तू कालेजात जातोस" हे शब्द मला त्या वर्षी सगळीकडे ऐकू यायचे. गावी पत्र आलं की माझ्याकडे, औषधाची बाटली आली की माझ्याकडे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मला काही येत नाही हे आता उघडं पडणार. तिथे उभा असताना मला तेच वाटलं. आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या ठामपणे मी म्हणालो, "नाही काका. सूर्य दक्षिणेनंच जातो. सगळीकडे."

त्यांनी मान हलवली. त्यांना दगड उलटवल्यासारखं झालं असणार. गवत हिरवं निघालं.

"घर नाय ते," ते सावकाश म्हणाले. "घर असतं तर दिशा चुकला नसता. कुठंतरी खोलीत पडून असंल. लगीन केलं की नाय तेबी देव जाणे. त्यानं धाडलेल्या फोटोत काय, पोरगी आन् मागं नुसतं दार दिसतं. दार कुणाचंबी असतं."

आणि मग ते उठले, चपला घालून, झोपायच्या खोलीच्या भिंतीतून, सरळ रेघ तुडवत चालत घरी गेले. मी त्यांना भिंतीतून जाताना तेव्हा प्रथम पाहिलं. मला काय वाटलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. आपण बरोबर उत्तर दिलं याचा आनंद होता, आणि आपल्या हातून काहीतरी मोडलं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

त्यांनी पत्राला उत्तर लिहिलं नाही. रविवारची मोजणी बंद झाली. डिसेंबरात पोस्टमनने डब्यात एक निळं पत्र टाकलं. काकांनी ते काढलं नाही. जानेवारीत दुसरं आलं. तेही तसंच. मी रोज कॉलेजात जाताना त्या डब्यावरून जायचो.

"आत दोन हायत," काकी मला म्हणायच्या. "तिसरं आलं की चिमनी घरटं करील त्यात."

"तुम्ही काढा ना."

"त्यांचा हात लागू दे. मी काढलं तर ते जलमभर म्हनतील, तू काढलंस."

काकी दुपारी ओसरीवरून त्या डब्याकडे बघत बसत. घरात आवाज म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकांचा.

जानेवारीच्या शेवटी भूगोलाच्या तासाला सरांनी सहज विचारलं, दक्षिण गोलार्धात आत्ता कुठला ऋतू? मागचा एक मुलगा म्हणाला, उन्हाळा. मग सरांनी फळ्यावर गोल काढला, आणि बोलता बोलता म्हणाले, की ऑस्ट्रेलियात तर दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, घराची तोंडं लोक म्हणूनच उत्तरेला ठेवतात.

पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी अकरा दिवस काही बोललो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण अकरा दिवस. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काकांचा चेहरा बघून परत फिरायचो. त्या दिवसांत डब्यात तिसरं पत्र पडलं. शेवटी मी काकींना सांगितलं, कारण त्या ओरडणार नाहीत असं वाटलं.

त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "मला पयल्यापासून ठाऊक व्हतं."

"सूर्याचं?"

"सूर्याचं मला काय कळतंय. पन त्याला खोटंच लिवायचं असतं तर त्यानं दक्षिण लिवली असती ना? बापाला पटेल असं लिवलं असतं. न पटनारं कोन कशाला लिवेल, खरं नसेल तर?"

कॉलेजात जाणारा मी, आणि चाळीस वर्षं खोटं पकडणारे काका, आम्हा दोघांना हे सुचलं नव्हतं.

"मग तुम्ही काकांना का नाही सांगितलं?"

"मी सांगितलं तर ते ऐकीव," त्या म्हणाल्या. "तू जाऊन मोजून दाखव."

दिवेलागणीला मी एक नारळ घेतला, त्याच्या वरच्या बाजूला एक आगकाडी खोचली आणि खालच्या बाजूला एक. कंदील टेबलावर ठेवला. काकांना म्हणालो, बघा. नारळ कंदिलासमोर धरला. वरच्या काडीची सावली वर पडली. खालच्या काडीची खाली. मी हळूहळू सांगत होतो: वरची काडी आपण, खालची तुमचा मुलगा, कंदील सूर्य. काकांनी नारळ माझ्या हातातून घेतला, स्वतः फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. काडीची सावली बोटाने मापली.

मग त्यांनी विचारलं, "तेव्हा तसं का सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं."

"मग माहीत नाय म्हनायचं."

"लाज वाटली."

मला वाटलं आता ते खोली सोडायला सांगणार. ते नारळाकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्षं साखळी धरली. मीबी कुनाला कधी म्हनालो नाय की मला माहीत नाय." आणि उठून, कंदील घेऊन, डब्याकडे गेले.

तीन पत्रं दवाने चिकटली होती. पहिल्या पत्रात मुलाने आईवडिलांसाठी उत्तरेच्या खोलीत दोन खाटा मांडल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात: तुमचं पत्र नाही, घर सासऱ्यांचं आहे, मी घरजावई झालो म्हणून तुम्हाला राग आला असेल, तर तसं लिहा, आम्ही दुसरीकडे राहू. तिसरं इंग्रजीत होतं, सुनेचं. ते लावायला मला डिक्शनरी घेऊन दोन संध्याकाळी लागल्या. तिने थोडकंच लिहिलं होतं. तो रोज फाटकापर्यंत चालत जातो, पेटी उघडतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. मी ओटीवरून बघते. राग असेल तर माझ्यावर धरा. मी काय करू ते सांगा.

काकींनी ते दोनदा वाचून घेतलं. "काय करू, असं इचारलंय तिनं?" त्या म्हणाल्या. "शानी हाय."

आता काकांनी उत्तर लिहायचं होतं. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, साखळी नको, टेप आण. आणि काकींना अंगणात भर उन्हात उभं केलं.

"अवो, काय चाललंय?"

"तुजी सावली मोजायची हाय."

"कशाला?"

"तिकडं धाडायला."

काकींनी कपाळावर हात मारला. "आता माजी सावलीबी परदेशी जानार!" पण उभ्या राहिल्या. मात्र तोंड पूर्वेलाच करणार म्हणाल्या. चांगल्या कामाला पूर्वेकडेच तोंड करतात, मग ते पाटावर बसणं असो नाहीतर सावली देणं असो. काकांनी मान्य केलं. घड्याळात बारा वाजले तेव्हा मी टेप लावायला गेलो, तर म्हणाले, "ते सरकारचे बारा. सावली सगळ्यात आखूड होते ते आपले बारा." पाऊण वाजून गेला तेव्हा ती सगळ्यात आखूड झाली. उत्तरेला, दोन फूट आठ इंच. कमरेपाशी रुंदी अकरा इंच. "रुंदी कशाला?" काकी घामाघूम होऊन म्हणाल्या. काका म्हणाले, कुठल्याही क्षेत्राला लांबी-रुंदी दोन्ही लागतात.

पत्रात त्यांनी एवढंच लिहिलं: तुझ्या आईची सावली अमुक, दिशा उत्तर, पूर्वेकडे तोंड करून घेतली. सूनबाईंची अशीच घेऊन पाठवावी. तिकडे ती दक्षिणेला पडेल हे आता आम्हांस मान्य आहे. आईस थंडी सोसत नाही, उत्तरेची खोली ठीक.

माफी कुठे होती ते मला कळलं नाही. पण काकी ऐकताना डोळे पुसत होत्या, तेव्हा ती असणार.

मग ते घर पुन्हा आखायला घेतलं, आणि मी आजतागायत ज्याचा उलगडा करू शकलो नाही तो प्रश्न उभा राहिला. ओटी उत्तरेला ठेवली तर पत्राप्रमाणे बरोबर, पण इथे तिच्यावर थंडीत ऊन येणार नाही. दक्षिणेला ठेवली तर ऊन येईल, पण मग दिशा चुकली. "घर दिशेचं धरायचं की उन्हाचं?" काका मला विचारायचे. एका रविवारी ओटी बोईसरच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, पुढच्या रविवारी सफाळ्याच्या, दक्षिणेच्या बाजूला. काकी म्हणाल्या, दक्षिणेला दार म्हणजे यमाचं दार, माझ्या सुनेला ते नको. पुन्हा पुसलं. मी या वेळी मात्र म्हणालो, "काका, मला माहीत नाही." ते म्हणाले, "हां. असं म्हनायचं."

उत्तर येईना. मार्च गेला. काका रोज सकाळी डब्यापर्यंत जात, एकशे नव्वद पावलं, आणि परत येत. मी एकदा मोजली. परतीची दोनशे होत होती, आणि हातात पिशवी नव्हती. काकी ओसरीवरून बघत. मला वाटे, आम्ही उशीर केला. त्यांनी ते घर सोडलं असेल, पत्र रिकाम्या घराच्या पेटीत पडलं असेल. हे माझ्या त्या एका उत्तरामुळे झालं असेल, की झालंच नसेल, मला काही कळत नव्हतं. एप्रिलात परीक्षा झाली. मी गावी जाताना पाया पडलो, तर काका म्हणाले, "उत्तर आलं तर कळवीन. नाय आलं तर नाय."

मे निम्मा उलटला तरी काही नाही. पावसाची वेळ जवळ येत चालली. पाऊस पडला की रेघा वाहून जाणार.

मग एक दिवस कार्ड आलं. मी वाळवणाच्या ओळींत उभा होतो, आई बोंबील काढत होती. काकांचं अक्षर ओळखू आलं. आईला वाचून दाखवलं:

"पत्र आले. तिकडे ढग होते म्हणून सावली घेण्यास उशीर. घर तेच आहे. सूनबाईंची सावली: दिशा दक्षिण, तोंड पूर्वेस, लांबी पाच फूट. कमरेपाशी रुंदी एक फूट पाच इंच. रुंदी जास्त भरते, तरी चूक नाही, तीनदा मोजली असे तो लिहितो. कारण आईस विचारावे म्हणतो. मी हिला विचारले, ही काही बोलेना. नंतर आत गेली, तांदळाचे माप भरून आणले, फक्कीच्या उंबऱ्यावर ठेवले, आणि स्वतःच ओलांडून त्या घरात गेली. दुपारपासून आतच बसली आहे. बाकी क्षेम."

मी ते पुन्हा वाचलं. एक फूट पाच इंच. आईला म्हणालो, "मोजण्यात काहीतरी चुकलंय त्यांचं. बाई एवढी जाड कशी असेल? फोटोत तर काडीसारखी आहे."

आईने बोंबील टोपलीत टाकले आणि पदराला हात पुसले.

"कालेजात जातोस नं रे तू?" ती म्हणाली. "अरं, पोर व्हनार हाय तिला."